धर्मसंस्थेचें विद्यापीठ कीं लोकांचें विद्यापीठ?

बारावीचा निकाल लागला, कीं भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील पेढ्यांवर धानाच्या भावाइतकीच आणखी एका गोष्टीची चर्चा ऐकूं येते : मुलांना पुढें कोठें घालावें? नागपूर येथून सुमारें साठ किलोमीटरांवर. तेथील विद्यापीठाला जोडलेलीं महाविद्यालयें तर खुद्द जिल्ह्यांतही आहेत. परंतु एखाद्या धर्मसंस्थेनें चालविलेल्या दूरच्या खाजगी विद्यापीठाचें सुबक माहितीपत्रक घरीं येतें, त्यांत शिस्त, संस्कार आणि वसतिगृह यांची ग्वाही असते, आणि बाप विचारांत पडतो. हा विचार भयानें किंवा भुरळीनें न होतां हिशेबानें व विवेकानें व्हावा, एवढ्याचसाठीं आजचा हा लेख आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. नांवांत धर्म आला म्हणून विद्यापीठ धर्मसंस्थेचें होत नाहीं. काशीचें हिंदु विद्यापीठ १९१५ च्या आणि अलीगढचें मुस्लिम विद्यापीठ १९२० च्या कायद्यानें निर्माण झालें. आज दोन्हीं केंद्रीय विद्यापीठें असून त्यांचा भार मुख्यतः सरकारी तिजोरीवर आहे. आमचा प्रश्न त्यांच्याविषयीं नाहीं. पुण्याच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठासाठीं महाराष्ट्रानें २०१४ सालीं कायदा केला. बंगळुरूच्या ख्राइस्ट संस्थेस २००८ सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्यांचा कारभार धर्मसंघाच्या हातीं आहे व ज्यांचा खर्च बहुतांशीं विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो, अशा संस्थांचा हा प्रश्न आहे. मग तो धर्म कोणताही असो.

अशा संस्थांविषयीं तुच्छतेनें बोलणें कृतघ्नपणाचें होईल. नागपुरांत स्कॉटिश मिशनचें हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं निघालें. मॉरिस कॉलेज त्यानंतर, १८८५ सालीं. त्या वेळीं नागपूरला स्वतःचें विद्यापीठ नव्हतें. परीक्षा प्रथम कलकत्त्याच्या व पुढें अलाहाबादच्या विद्यापीठाच्या असत. नागपूर विद्यापीठ स्थापन होण्यास १९२३ साल उजाडलें. तात्पर्य, विदर्भांत उच्च विद्येचा दिवा लावणाऱ्यांत मिशनरी होते, हें नाकारतां येणार नाहीं. बाटण्याच्या भीतीचा इतिहासही जुनाच आहे. १८४३ सालीं मुंबईस नारायण शेषाद्रि यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा अल्पवयी भाऊ श्रीपत न्यायालयाच्या हुकुमानें बापाच्या स्वाधीन झाला. त्याला शुद्ध करून जातींत घ्यावें, म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, तेव्हां त्यांच्यावर तुटून पडले ते स्वधर्मीयच! भयानें शहाणपण येत नाहीं, एवढाच त्याचा बोध.

तेव्हां भय बाजूस ठेवून कागद वाचूं या. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणें, सरकारनें मान्य केलेल्या संस्थेंत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणास वा उपासनेस बसवितां येत नाहीं. विद्यार्थी अज्ञान असेल, तर ती संमति पालकाची लागते. बारावी उतरलेल्या पुष्कळ मुलांचें वय सतराच असतें. म्हणजे प्रवेश-अर्जाखालीं बाप जी सही करतो, ती कदाचित् मुलाच्या सदसद्विवेकबुद्धीचीही सही असते. हजार रुपयांच्या उधारीचा कागद दोनदां वाचणारे आमचे व्यापारी बंधु हा कागद न वाचतां सही करतात, याचें आम्हांस नवल वाटतें. मुलगा वा मुलगी जवळ बसवून तो वाचावा आणि त्यांची इच्छा विचारावी. त्यांनीं स्वखुशीनें होकार दिला, अभ्यासक्रम इकडे मिळत नसला आणि खर्च झेपत असला, तर खुशाल जावें. आम्ही आड येणार नाहीं.

दुसरा हिशेब पैशाचा. जुलै २०२४ मध्यें राज्य सरकारनें असा निर्णय केला, कीं ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण-शुल्क व परीक्षा-शुल्क पूर्ण माफ असावें. मात्र खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठें या सवलतींतून वगळलीं आहेत. हें वाक्य आमच्या जिल्ह्यांतील किती घरांत वाचलें गेलें असेल? नाहीं तर काय घडतें, तें सर्वांस ठाऊक आहे. मुलाच्या दूरच्या विद्यापीठासाठीं शेत गहाण पडतें, आणि धाकट्या मुलीची पाळी आली म्हणजे "आतां पैसा उरला नाहीं" असें सांगून तिचें लग्न ठरवितात. ज्या संस्कारांच्या नांवानें हा खर्च केला, त्यांची परीक्षा घरच्या घरींच झाली, असें म्हणावयाचें!

यावर कोणी म्हणेल, सरकारी विद्यापीठांत निकाल लांबतात, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, वसतिगृहें अपुरीं आहेत. आक्षेप खरा आहे. आम्ही तो झांकूं इच्छित नाहीं. पण खाजगी धर्मसंस्थेच्या विद्यापीठांत आपण पाहुणे आहों. यजमान चांगला असेल तर पाहुणचार उत्तम होईल. तथापि घराचे नियम यजमानाचे. लोकांच्या विद्यापीठांत मात्र आपण घरचे मालक आहों, आणि छप्पर गळूं लागलें तर त्याचा थोडा दोष मालकाकडेही येतो. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनीं निवडून दिलेले दहा सभासद असतात. नागपूर विद्यापीठाचें क्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांचें आहे. या जिल्ह्यांतील किती पदवीधर वकील, डॉक्टर, दुकानदार यांनीं आपलें नांव नोंदविलें आहे? नांव नोंदवावयाचें नाहीं, मत द्यावयाचें नाहीं, आणि पेढीवर बसून विद्यापीठाला नांवें ठेवावयाचीं, हा न्याय नव्हे.

आपल्या भागांतील एक उदाहरण पुरें आहे. १९५८ सालीं मनोहरभाई पटेल यांनीं गोंदिया शिक्षण संस्था काढली. गोंदिया तेव्हां भंडारा जिल्ह्यांतच होतें. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ सालीं. शाळा-महाविद्यालयें खेड्यापाड्यांच्या जवळ यावींत म्हणून एक व्यापारी झटला, आणि त्या महाविद्यालयांचें नातें सार्वजनिक विद्यापीठाशीं राहिलें. आज आपल्या पेढ्यांवरून देवळांना, विहारांना, मशिदींना वर्गण्या जातात, त्या जाव्यात. त्यांतूनच एखादी पावती गांवच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या किंवा मुलींच्या वसतिगृहाच्या नांवें फाटली, तर दूरच्या माहितीपत्रकाचें आकर्षण आपोआप कमी होईल.

म्हणून आमची विनंति एवढीच आहे. या वर्षीं प्रवेशाचा कागद भरण्यापूर्वीं शुल्क, सवलत आणि संमति हीं तीन कलमें मुलांसमवेत वाचावीं. मुलगा आणि मुलगी या दोघांचा खर्च एकाच वहींत मांडावा. आणि घरांत जो कोणी पदवीधर असेल, त्यानें विद्यापीठाच्या मतदार-यादींत आपलें नांव घालावें. मुलांना कोठें पाठवावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण ज्याला दूर जाणें परवडत नाहीं, त्या शेजाऱ्याच्या मुलीसाठीं जवळचें विद्यापीठ नीट चालवून घेणें, हें आपणां सर्वांचें काम आहे.