सरळव्याज शून्य कसे आले?

पहिल्या सत्रातले प्रोग्रामिंग : लेखांक ५

मुद्दल १०,००० रुपये, दर साल दर शेकडा ७, मुदत ३ वर्षे. सरळव्याज किती? कारंजा (घाडगे) तालुक्यातली शाळकरी मुलगी कागदावर २,१०० असे उत्तर काढून मोकळी होईल. तीच मुलगी पुढे बीसीए किंवा बीसीसीएच्या पहिल्या सत्राला बसते, हेच गणित सी भाषेत लिहिते आणि पडद्यावर कधी २१०० येतात, कधी १३३, तर कधी चक्क ०. तिन्ही वेळा प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल झालेला असतो. कुठेही एरर नाही.

गेल्या लेखांकात व्हेरिएबल म्हणजे काय, ते पाहिले. त्यात ठेवलेली संख्या कोणत्या प्रकारची आहे, हा या आठवड्याचा विषय.

सरळव्याजाचे उदाहरण घ्यायला कारण आहे. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली. ब्रायन कर्निगन आणि रिची यांचे १९७८चे गाजलेले पुस्तक पडद्यावर नमस्कार छापणाऱ्या प्रोग्रामने सुरू होते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी मात्र वेगळी सुरुवात केली. देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ज्यावर शिकल्या, त्या ‘लेट अस सी’ या त्यांच्या पुस्तकातला पहिला प्रोग्राम सरळव्याज काढतो. विदर्भातल्या विद्यार्थ्याला व्याज समजावून सांगावे लागत नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा ७ टक्के दर घरात सगळ्यांना माहीत असतो. गणित ओळखीचे असले की सगळे लक्ष यंत्राकडे देता येते.

आधी शून्याचे पाहू. मुद्दल, वर्षे आणि दर हे तिन्ही ‘इंट’ म्हणजे पूर्णांक प्रकारचे घेतले आणि सूत्र असे लिहिले : दर ÷ १०० × मुद्दल × वर्षे. कागदावर यात काहीच चूक नाही. पण सी भाषा भागाकार-गुणाकार डावीकडून उजवीकडे करत जाते आणि पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की दशांश भाग सोडून देते. ७ भागिले १०० म्हणजे ०.०७, त्यातला पूर्णांक ०. पुढे शून्याला दहा हजारांनी गुणा की दहा लाखांनी, उत्तर शून्यच. सूत्र मुद्दल × वर्षे × दर ÷ १०० असे फिरवले की भागाकार शेवटी होतो आणि २१०० मिळतात.

मग १३३ कुठून आले? तेच फिरवलेले सूत्र टर्बो सी मध्ये चालवल्यावर. बोरलँड कंपनीने १९८७ साली आणलेला हा निळ्या पडद्याचा कंपायलर आपल्याकडच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षे वापरला गेला. त्यात ‘इंट’ला १६ बिट मिळतात, म्हणजे उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ एवढीच मजल. वीजमीटरचे आकडे ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतात, तशी ही गणनाही ६५,५३६ च्या फेऱ्यांत फिरते. १०,००० × ३ म्हणजे ३०,०००, इथवर ठीक. त्याला ७ ने गुणल्यावर २,१०,००० व्हायला हवेत. त्यातून तीन फेऱ्यांचे १,९६,६०८ गेले, उरले १३,३९२. त्याला १०० ने भागून दशांश सोडले की १३३. या कंपायलरमध्ये तीन लाखांचे पीककर्ज ‘इंट’मध्ये ठेवू पाहिले, तर ते उणे २७,६८० होऊन बसते!

आजच्या कंपायलरमध्ये ‘इंट’ सहसा ३२ बिटांचा असतो आणि त्याची मर्यादा २१४ कोटींच्या पुढे, नेमकी २,१४,७४,८३,६४७ आहे. मर्यादा वाढली, संपली नाही.

ही चूक फक्त नवशिक्यांची नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात एका मिनिटाच्या आत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्राम एडा भाषेत होता. त्याने ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायचा प्रयत्न केला. ती मावली नाही. हा प्रोग्राम आधीच्या एरियान-४ मधून घेतलेला होता; तिथे ती संख्या कधी एवढी मोठी झालीच नव्हती.

उपाय सोपे आहेत. व्याज आणि दर ‘फ्लोट’ किंवा ‘डबल’ या दशांश संख्यांच्या प्रकारात घ्यावेत, भागताना १०० ऐवजी १००.० लिहावे, मोठ्या पूर्णांकांसाठी ‘लाँग लाँग’ वापरावा. पण उत्तर चुकले आहे हे कळले, तरच या उपायांचा उपयोग. सेमिकोलन विसरला तर कंपायलर ओरडतो. व्याज शून्य आले तर तो गप्प राहतो. म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीत आउटपुट उतरवण्याआधी कागदावर काढलेले उत्तर लिहायला लावावे आणि एकेका ओळीचा ड्राय रन, म्हणजे कागदावरच प्रोग्राम चालवून पाहणे, विद्यार्थ्याकडून करून घ्यावा. व्हायवात ‘फ्लोट म्हणजे काय?’ याची पाठ व्याख्या ऐकण्यापेक्षा ‘इथे शून्य का आले?’ असे विचारले, तर कोणाला काय समजले ते लगेच कळते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी भाषेचे धडे मराठी आवाजात मोफत ऐकता येतात. ऐकता ऐकता शेजारी प्रोग्राम टाइप करत जायचे, अशी त्यांची रचना आहे.

या आठवड्याचा सराव : दर ७ टक्के, मुदत ५ वर्षे, ‘इंट’ ३२ बिटांचा, सूत्र मुद्दल × वर्षे × दर ÷ १००. दशांश सुटतात ते सोडा; मुद्दल पूर्ण रुपयांत किती झाली की ‘इंट’ची मर्यादा ओलांडून उत्तर पहिल्यांदा चुकेल? आधी कागदावर काढा, मग चालवून पाहा. उत्तर पुढच्या लेखांकात. त्याच लेखांकात लूप सुरू करू : आयआयटी मुंबईचे प्रा. अभिराम रानडे आपल्या सी++ च्या पुस्तकात पडद्यावरच्या कासवाकडून चौकोन काढून घेत पुनरावृत्ती कशी शिकवतात, ते पाहू.