सौर की आण्विक? प्रश्न वेळापत्रकाचा

वीज कशापासून निर्माण करावी, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा निष्ठेच्या पातळीवर होते. एका पक्षाला अणुशक्ती ही राष्ट्राच्या पराक्रमाची खूण वाटते, तर दुसऱ्याला सूर्य हा फुकटचा आणि अक्षय ठेवा वाटतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही भूमिका अपुऱ्या होत. वीज ही साठविण्यास महाग पडणारी वस्तू आहे. साहजिकच ती किती मिळणार याइतकेच ती केव्हा मिळणार, यालाही महत्त्व असते.

तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे १९८४ मध्ये, इ. स. २००० पर्यंत दहा हजार मेगावॅट अणुवीजक्षमता उभारण्याचा कार्यक्रम आखला गेला. प्रत्यक्षात त्या वर्षी त्याच्या एकतृतीयांशही क्षमता उभी नव्हती. कुडनकुलमचा मूळ करार १९८८ चा, पहिली वीज २०१३ ची. ९,९०० मेगावॅटच्या नियोजित जैतापूर प्रकल्पाचा प्राथमिक करार २०१० साली झाला. त्यानंतर दीड दशक लोटले तरी अणुभट्ट्यांच्या बांधकामास आरंभ झालेला नाही. अणुवीजकेंद्राच्या खर्चात इंधनापेक्षा भांडवलाचा वाटा कितीतरी मोठा असतो आणि उत्पादन सुरू होण्यापूर्वीच त्या भांडवलावर व्याज चढू लागते. विलंब हा येथे खर्चाचाच एक भाग बनतो.

सौरऊर्जेची वाटचाल नेमकी उलट झाली. २०१० मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौरविजेसाठी प्रतियुनिट १७ रुपये ९१ पैसे दर ठरविला होता. २०१७ साली राजस्थानातील भडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. एक लाख मेगावॅटचे उद्दिष्ट २०२२ साठी होते. ते जानेवारी २०२५ मध्ये गाठले गेले. विलंब येथेही झाला. परंतु सौरप्रकल्प तुकड्यातुकड्यांनी उभा राहतो आणि पूर्ण झालेला प्रत्येक तुकडा लगेच वीज देऊ लागतो.

तथापि, या आकड्यांनी भुलून जाणे योग्य नव्हे. सौरपटले वर्षभरात सरासरीने आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देतात. चांगले चालणारे अणुकेंद्र सुमारे चारपंचमांश देते. म्हणजे एक लाख मेगावॅट सौरक्षमता ही युनिटांच्या हिशेबात जेमतेम पंचवीस हजार मेगावॅट अणुक्षमतेच्या तोडीची ठरते. तीही मावळतीबरोबर थांबते, आणि घरोघरी दिवे लागण्याची वेळ नेमकी तीच असते. रात्रीसाठी बॅटरी अथवा उदंचन जलविद्युत योजना हवी. तिचा खर्च लिलावातील दरात दिसत नाही.

मग सूर्याचे आश्वासन सर्वांत खरे कोठे ठरते? जेथे मागणीच दिवसाकडे वळविता येते तेथे. महाराष्ट्रातील कृषिपंप हे याचे ठळक उदाहरण होय. शेतीला वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याने काळोखात, सापविंचवाच्या भीतीत दारे धरावयाची. पिकाला पाणी रात्रीच हवे असते असे मुळीच नाही. ती वितरणव्यवस्थेची सोय होती. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे मर्म येथे आहे. कृषिवाहिनीजवळच सौरप्रकल्प उभारला, तर बॅटरीचा खर्च टळतो, वहनातील गळती घटते आणि शेतकऱ्याची झोप त्याला परत मिळते.

अर्थात, एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. ती कोणाची, भाडे किती आणि ते वेळेवर मिळते की नाही, यावर योजनेचे यश अवलंबून राहील. अणुऊर्जेलाही बाद ठरविण्याचे कारण नाही. रात्रंदिवस अखंड चालणाऱ्या कारखान्यांना आणि रेल्वेला कोळसा न जाळता स्थिर वीज देण्याची तिची क्षमता मोलाची आहे. मात्र २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुक्षमतेचे जे नवे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले, त्याकडे पाहताना १९८४ चा अनुभव विसरून चालणार नाही. दूरच्या मोठ्या आकड्यांची वाट पाहत, हाती असलेले दिवसाचे ऊन वाया घालविणे आपल्याला परवडणारे नाही.