विश्लेषण : सात रस्त्यावरचे जुने घर विकायचे, तर आधी रंग की आधी कागद?

सोलापुरात सात रस्ता, मोदी, रेल्वे लाईन्स, लष्कर या भागांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी बांधलेली घरे अजूनही दिसतात. दगडी जोते, जाड भिंती, वर माळवद किंवा पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि अंगणात पाण्याचा हौद. मुले पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात स्थिरावली, घरात वयस्कर आई-वडील उरले किंवा दाराला कुलूपच लागले, की ‘घर विकणे आहे’ची पाटी लागते. त्याच वेळी घरात चर्चा सुरू होते ती रंगाची, फरशीची आणि स्वयंपाकघराच्या ओट्याची. प्रत्यक्षात असा व्यवहार अडतो किंवा भाव पडतो तो बहुतेक वेळा भिंतीच्या पोपड्यांमुळे नव्हे, तर सिटी सर्व्हे उताऱ्यावरच्या नावांमुळे. म्हणून विकणाऱ्या कुटुंबाने काय आधी करावे आणि कशावर खर्च करू नये, हे समजून घेऊ.

अशा घराची किंमत कशावर ठरते?

जुन्या घराची किंमत म्हणजे मुख्यतः जागेची किंमत. रेडी रेकनरमध्येही जमीन आणि बांधकाम यांचा विचार वेगळा होतो. बांधकामाच्या वयानुसार घसारा वजा होतो, जमिनीला घसारा नसतो. ग्राहकही दोन प्रकारचे असतात. एक जण जुने बांधकाम पाडून नवीन बांधण्यासाठी जागा घेतो. त्याच्या लेखी नवीन रंग, टाइल्स, मॉड्युलर किचन यांची किंमत शून्य. दुसऱ्याला घरात राहायचे असते. तो ओल, गळती, वायरिंग आणि संडास-बाथरूम पाहतो. दोघांनाही समान लागणारी गोष्ट एकच, ती म्हणजे निर्वेध मालकी. कर्ज देणारी बँकही वकिलाचा शोध अहवाल पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. कागद अपुरे असतील तर कर्ज काढून घेणारा ग्राहक गळतो. उरतो तो रोख पैसे हातात असलेला आणि भाव पाडून मागणारा.

‘घर आजोबांच्या नावावर आहे’ म्हणजे कोणाचे?

शहरातल्या घराचा मुख्य महसुली कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयाचे मालमत्ता पत्रक, म्हणजेच बोलीतला सिटी सर्व्हे उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. महापालिकेच्या घरपट्टीवर किंवा वीजबिलावर एकाचे नाव आहे म्हणून तो एकटा मालक ठरत नाही. ती नावे कर आणि बिल वसुलीसाठी असतात. अनेक कुटुंबांत उताऱ्यावर आजोबांचेच नाव राहिलेले असते. आजोबांनंतर वडील, काका, आत्या आणि त्यांच्यापैकी कोणी गेले असल्यास त्यांची मुले अशी वारसांची साखळी तयार होते. जितका उशीर, तितक्या सह्या वाढतात. आज पाच सह्यांनी होणारे काम दहा वर्षांनी पंधरा सह्यांवर जाऊ शकते.

त्यासाठी मृत्यूचे दाखले, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज देऊन वारस नोंद करून घ्यावी लागते. वारसांबद्दल वाद किंवा शंका असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो. स्थावर मालमत्तेसाठीचा हा दाखला आपल्याकडे आजही १८२७च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. बँकेतील ठेवी आणि शेअर्ससाठीचे सक्सेशन सर्टिफिकेट वेगळे. या दोन्हींची गल्लत होऊन महिने वाया जातात.

बहिणींची सही का लागते?

हिंदू वारसा कायदा १९५६चा. वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि ते मृत्युपत्राशिवाय गेले असतील, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई यांना समान वाटा मिळतो. मुलीचा हा हक्क १९५६पासूनच आहे, तो २००५मध्ये आलेला नाही. २००५च्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५पासून, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही मुलीला जन्माने मुलाइतकाच हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेल्या वाटण्यांना मात्र धक्का लागत नाही.

‘लग्नात दिले होते’ किंवा ‘तोंडी सोडले आहे’ या बोलण्याने बहिणीचा हक्क जात नाही. तिला खरोखरच वाटा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, नोटरीचा कागद पुरत नाही. भाऊ, बहीण, आई अशा जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मालमत्तेतील हक्क मोबदला न घेता सोडला, तर मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्याने १०० आणि २०० रुपयांचे शुल्क ५०० रुपये केले, तेव्हापासून येथेही ५०० रुपये धरले जातात. पैसे घेऊन हक्क सोडला तर हिशेब वेगळा आणि शुल्क मोठे. घर विकायचेच असेल तर हक्कसोडीपेक्षा सर्व वारसांनी मिळून खरेदीखतावर सह्या करणे आणि प्रत्येकाचे पैसे ज्याच्या-त्याच्या खात्यात घेणे अधिक स्वच्छ.

हा कायदा लिंगायत आणि जैन कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत वारसा मुस्लिम वैयक्तिक कायद्याने ठरतो. तेथे जन्माने हक्क ही कल्पना नाही, वाटे मृत्यूनंतर ठरलेल्या प्रमाणात मिळतात आणि मुलीचा वाटा तेथेही असतोच.

एका भावाला विकायचे नसेल तर?

सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. पण राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला कुटुंबासोबत ताबा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते. अशा खरेदीदाराने वाटपाचा दावा केला, तर १८९३च्या वाटप कायद्याने कुटुंबाला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो. शिवाय वारसा कायद्याच्या कलम २२नुसार वारसाहक्काने मिळालेला वाटा विकताना सहवारसांना पहिला हक्क आहे. त्यामुळे सुटा हिस्सा घेणारे कमी आणि देऊ करतात तो भावही कमी. ज्याला घर ठेवायचे आहे त्याने इतरांचे वाटे विकत घ्यावेत, हाच मार्ग बहुतेकांना परवडतो. त्यासाठी भाव कोणी सांगायचा यावरून भांडण नको असेल, तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा आणि सर्वांनी तो आधी मान्य करावा. वाटपाचा दावा सुरू झाला की घर वर्षानुवर्षे कुलपात राहते आणि पावसाळे आपले काम करत राहतात.

या भागात कोणत्या खास बाबी तपासाव्यात?

पहिली बाब सत्ताप्रकाराची. लष्कर, सदर बझार ही नावे जुन्या छावणीची आठवण देतात. अशा भागांत एखादी जागा सरकारी भाडेपट्ट्याची किंवा अटींवर दिलेली असू शकते. मालमत्ता पत्रकावरील ‘सत्ताप्रकार’ हा रकाना पाहावा. तेथे ‘ब’ असेल तर विक्रीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे वकिलाकडून समजून घ्यावे.

दुसरी बाब रस्त्याची. शहरात नियोजित असलेल्या दोन उड्डाणपुलांपैकी जुना पुणे नाका ते पत्रकार भवन हा मार्ग सात रस्त्याच्या बाजूने आखलेला आहे. मिळकतीचा काही भाग भूसंपादनात किंवा रस्ता रुंदीकरणात येतो का, हे महापालिकेच्या नगररचना विभागाच्या भाग नकाशावरून आणि झोन दाखल्यावरून कळते. ग्राहकाने शोधून काढण्यापेक्षा विकणाऱ्याने स्वतःच दाखला काढून ठेवलेला बरा.

तिसरी बाब बांधकामाच्या क्षमतेची. २०२०च्या डिसेंबरपासून राज्यातील बहुतेक शहरांप्रमाणे सोलापूरलाही एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तीत एफएसआय समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. दाट वस्तीच्या गावठाणाबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर मिळत नाही. म्हणून मुख्य रस्त्यावरची जागा आणि आतल्या बोळातली तेवढीच जागा यांच्या भावात मोठा फरक पडतो.

घरात भाडेकरू असेल तर?

घर विकले म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू आहे. त्या संरक्षणासह तो भाडेकरू नव्या मालकाकडे जातो. तो असताना विकले तर भाव कमी येतो. समझोत्याने ताबा घ्यायचा असेल तर तो लेखी आणि पक्का असावा. ताबा मिळण्यापूर्वीच रिकामे घर देण्याचा करार करून विसार घेणे धोक्याचे.

दुरुस्ती करावी की जसे आहे तसे विकावे?

घर पाडण्यासाठीच ग्राहक येणार असतील तर खर्च किमान ठेवावा. माळ्यावरचे सामान काढणे, अंगण साफ करणे, भिंतीत रुजलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढणे आणि गळती थांबवणे एवढे पुरे. राहण्यासाठी ग्राहक येणार असतील तर खर्चाचा क्रम छप्पर, सांडपाण्याच्या वाहिन्या, वायरिंग, संडास-बाथरूम आणि शेवटी रंग असा असावा. जुन्या लाकडी पट्ट्यांवरच्या वायरिंगला अनेकदा अर्थिंगच नसते. त्यावर एसी आणि गिझर चालवणे जिवावर बेतू शकते.

माती किंवा चुन्यातल्या दगडी भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा देणे ही नेहमीची चूक. भिंतीतील ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि वर्षभरात पुन्हा पोपडे सुटतात. तेथे चुन्याचा गिलावाच चालतो. अशा भिंतींवर मधला आधार न देता आरसीसी स्लॅब टाकणे तर टाळावेच. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत मातीतल्या दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळूनच बहुतेक बळी गेले. नंतर झालेल्या मजबुतीकरणात माळवदावरचा मातीचा थर कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे आणि भिंती पट्ट्यांनी बांधून घेणे यांवर भर होता. हेच उपाय आजही लागू आहेत. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे ही महापालिका कायद्यानुसार मालकाची जबाबदारी आहे. तो अहवाल हाती असेल तर ग्राहकाशी बोलणे सोपे जाते.

जुन्या घराच्या जमेच्या बाजूही सांगाव्यात. चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात जाड भिंतींचे घर थंड राहते. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात मोठा हौद ही कामाची वस्तू आहे. सागवानी खांब, तुळया आणि दरवाजे यांनाही बाजारात वेगळी किंमत येते. घर पाडण्यासाठी विकताना हे लाकूड कोणाचे, हे करारात लिहावे.

कर किती लागेल?

वारसाने मिळालेल्या घरावर मिळताना कर नाही, विकताना आहे. जुन्या घरासाठी १ एप्रिल २००१चे बाजारमूल्य मूळ किंमत धरता येते, मात्र त्या वेळच्या रेडी रेकनरपेक्षा अधिक नाही. २३ जुलै २०२४पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्याआधी मिळालेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तींना महागाई निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही आहे, दोहोंत कमी तो कर.

समजा, २००१चे मूल्य ५ लाख आणि विक्री ६० लाखांची. साध्या पद्धतीने नफा ५५ लाख, कर ६ लाख ८७ हजार ५००. २०२५-२६च्या ३७६ निर्देशांकाने मूळ किंमत १८ लाख ८० हजार होते, नफा ४१ लाख २० हजार आणि २० टक्क्यांनी कर ८ लाख २४ हजार. म्हणजे येथे १२.५ टक्केच फायद्याचे. उपकर वेगळा. हा कर प्रत्येक वारसाच्या वाट्यावर स्वतंत्र लागतो आणि ठरलेल्या मुदतीत भारतात दुसरे घर घेतल्यास त्याची सूटही ज्याची त्याला मिळते. छप्पर बदलण्यासारखा मोठा खर्च पावत्या असतील तर वजा होतो, रंगाचा होत नाही.

सोलापूरकरांनी रेडी रेकनरकडे विशेष लक्ष द्यावे. १ एप्रिल २०२५पासून राज्यात हे दर सरासरी ३.८९ टक्के वाढले. सोलापूर महापालिका क्षेत्रात ही वाढ १०.१७ टक्के, म्हणजे राज्यात सर्वाधिक होती. घर मोडकळीस आले म्हणून सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी दराने विकले, तर कर सरकारी मूल्यावर मोजला जातो आणि खरेदीदारालाही फरकावर कर लागू शकतो. अशा वेळी कर अधिकाऱ्याकडे मूल्यांकनाची मागणी करता येते. त्यासाठी ऑडिट अहवाल आणि घराचे तारखेसह फोटो उपयोगी पडतात.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. वारसांपैकी कोणी अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावर हा एक टक्क्याचा नियम लागू नाही, कपात बरीच मोठी होते. परदेशातून येणारे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. विसार घेण्यापूर्वीच हे काम सुरू करावे, कारण साठेखतातील मुदत या कागदासाठी थांबत नाही.