अंटार्क्टिकात सापडलेला मंगळाचा दगड : दावा, आक्षेप आणि खर्च

मंगळावर एकेकाळी जीवसृष्टी असल्याचे सिद्ध झाले आहे, असा एक समज रूढ आहे. त्या शोधाचा गाजावाजा केवळ अंतराळसंस्थेला निधी मिळावा म्हणून झाला, असा दुसरा समज त्याच्या नेमका उलट आहे. या दोन्ही समजांचे मूळ बऱ्याच अंशी एकाच दगडात सापडते. अंटार्क्टिकातील ॲलन हिल्स या भागात २७ डिसेंबर १९८४ रोजी अमेरिकी पथकाला १.९३ किलो वजनाचा एक अशनी, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर पडलेला दगड, मिळाला आणि त्याची नोंद ‘एएलएच ८४००१’ अशी झाली. तो मंगळावरचा आहे हे मात्र १९९३ मध्ये लक्षात आले.

पृथ्वीवर सापडलेला दगड मंगळाचा कसा, ही शंका रास्त आहे. मंगळावर एखादा लघुग्रह आदळला की तेथील खडकाचे तुकडे अवकाशात उडतात आणि त्यांपैकी काही कालांतराने पृथ्वीवर येऊन पडतात. अशा अशनींपैकी काहींच्या काचसदृश भागात अडकलेल्या वायूंचे परस्परप्रमाण व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मोजलेल्या मंगळाच्या वातावरणाशी जुळले, आणि या गटातील इतर दगड त्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, ओळखता आले. व्हायकिंग मोहिमेवर खर्च झाला नसता, तर या दगडांची ओळख इतक्या खात्रीने पटली नसती, हे खर्चाविषयी बोलताना सहसा विसरले जाते.

ऑगस्ट १९९६ मध्ये डेव्हिड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले की दगडातील कार्बोनेट खनिजाचे कण, काही कार्बनी संयुगे, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म स्फटिक आणि जिवाणूंसारखे दिसणारे आकार यांचा एकत्रित विचार केल्यास प्राचीन जीवसृष्टी हे सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण ठरते. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर जाहीर निवेदन केले आणि एका सावध अनुमानाला निर्णयाचे वजन प्राप्त झाले. प्रत्यक्षात प्रत्येक पुराव्यावर आक्षेप आले. ते आकार २० ते १०० नॅनोमीटर एवढेच होते, आणि ज्ञात पेशींना आवश्यक असलेली रेणूंची किमान सामग्री इतक्या लहान जागेत मावणे अवघड आहे. मॅग्नेटाइटचे तसे स्फटिक काही जिवाणू आपल्या शरीरात तयार करतात हे खरे; पण आघाताच्या उष्णतेने लोहयुक्त कार्बोनेटचे विघटन होऊनही ते बनू शकतात. दगडातील कार्बनी संयुगे पाणी आणि खडक यांच्या रासायनिक क्रियेतूनही निर्माण होऊ शकतात, असे ॲन्ड्रू स्टील यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवले. तरीही या आक्षेपांवरून मंगळ सदैव निर्जीव होता असा निष्कर्ष काढणे चुकीचेच आहे, कारण आक्षेपांनी फक्त एवढेच दाखवले की हा पुरावा जीवसृष्टीशिवायही उलगडता येतो. आकाराचे साम्य हा पुरावा म्हणून किती दुबळा असतो, हा धडा मात्र या वादाने कायमचा दिला.

निधीसाठी बनाव रचल्याच्या आरोपाला आकडे साथ देत नाहीत. १९९६ च्या अखेरीस निघालेली मार्स ग्लोबल सर्व्हेयर आणि पाथफाइंडर ही याने या घोषणेपूर्वीच मंजूर होऊन उभारली जात होती आणि त्यानंतरच्या काही वर्षांत नासाचा वार्षिक निधी १४ अब्ज डॉलरच्या आसपासच राहिला. या चर्चेमुळे परग्रहांवरील जीवसृष्टीच्या शास्त्राला चालना मिळाली आणि १९९८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, हे मात्र मान्य करावे लागते. नासावर अमेरिकी अर्थसंकल्पाचा मोठा वाटा खर्च होतो, हाही भ्रमच आहे : १९६६ मध्ये सुमारे ४.४ टक्के असलेला हा वाटा आता अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. भारताच्या मंगळयानाचा सुमारे ४५० कोटी रुपयांचा खर्च तेव्हाच्या लोकसंख्येत वाटला, तर तो दरडोई चार रुपयांहून कमी भरतो.

खर्चाचा खरा प्रश्न आज वेगळ्याच ठिकाणी आहे. पर्सिव्हिअरन्स बग्गीने जेझेरो विवरातील ‘चेयावा फॉल्स’ या खडकावर २०२४ मध्ये टिपलेल्या ठिपक्यांत व्हिव्हियानाइट आणि ग्रिगाइट ही खनिजे असल्याची चिन्हे आढळली. ती सूक्ष्मजीवांच्या क्रियेतून बनू शकतात, तशीच जीवाविनाही, म्हणून २०२५ मधील शोधनिबंधाने त्यांना जीवसृष्टीची केवळ ‘संभाव्य’ खूण म्हटले. अंतिम निर्णयासाठी त्या खडकाचा नमुना पृथ्वीवरील प्रयोगशाळेत यायला हवा. परंतु असे नमुने आणण्याच्या मूळ योजनेचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत आणि मुदत २०४० पर्यंत जात असल्याचे २०२४ मध्ये खुद्द नासानेच सांगितले आणि स्वस्त पर्याय मागवले. या एका योजनेच्या हिशेबाची कठोर छाननी व्हायलाच हवी. तिच्या आधाराने सगळ्या मंगळसंशोधनाला उधळपट्टी ठरवणे मात्र वस्तुस्थितीला धरून नाही.