घड्याळाची मशीद

तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावरचे आयवालिक हे दगडी घरांचे आणि ऑलिव्हच्या बागांचे गाव. उन्हाळ्यात इथे पर्यटकांची गर्दी होते. समुद्रापलीकडे ग्रीसचे लेस्बोस बेट दिसते.

गावातल्या एका मशिदीचे नाव 'साअतली जामी', म्हणजे घड्याळाची मशीद. उर्दूतली 'साअत' आणि आपल्या जामा मशिदीतला 'जामा' हेच हे शब्द. ही इमारत मूळची संत योहानाचे चर्च. घड्याळ आहे ते चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर.

१९२२ मध्ये, युद्धाच्या शेवटी, इथल्या ग्रीक ख्रिस्ती कुटुंबांना गाव सोडावे लागले. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे करार झाला आणि दोन्ही देशांनी माणसांची अदलाबदल केली, धर्म पाहून. भाषा कोणी विचारली नाही. त्यामुळे क्रीट बेटावरून आयवालिकला आलेल्या कित्येक मुसलमानांची घरची बोली ग्रीक होती. मशिदीतली नमाज ओळखीची, बाजारातली तुर्की मात्र परकी. तिकडे ग्रीसमध्ये तुर्की बोलणाऱ्या ख्रिस्ती निर्वासितांचीही हीच गत झाली.

रमजानमध्ये इथे रोजा सोडताना खजुरासोबत ऑलिव्हही असते. गावच्या जुन्या बागा बहुतेक त्या गेलेल्या शेजाऱ्यांच्या हातच्या.