गच्चीवरची दोस्त बुरशी!

शनिवारी संध्याकाळी मी टोमॅटोच्या चाळीस रोपांचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. धडाधड 'वॉव' आले. सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेले, तर अर्धा ट्रे आडवा! देठ मातीलगत दोऱ्याने आवळल्यासारखे बारीक झालेले. मंगळवारी उरलेलीही गेली. ही गोष्ट मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधली.

आता तुम्ही म्हणाल, चाळीस रोपांचं एवढं काय टेन्शन? टेन्शन गच्चीचं होतं, बॉस. मी जरीपटक्यात भाड्याने राहते. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे येऊन वसली, माझ्या घरमालक आंटींचं सासर त्यातलंच. त्यांनी अर्धी गच्ची दिली ती एका अटीवर. "दिवाली तक सब्जी दिखनी चाहिए, नहीं तो मेरे पापड वापस ऊपर आएंगे!"

मग मी घाबरून सगळ्यांना जे सुचतं तेच केलं. दुकानातून कार्बेन्डाझिम आणलं आणि ट्रेमध्ये ओतलं. पुन्हा बी टाकलं, पुन्हा तेच. ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी काटोलला संत्र्याची बाग आहे. इंदोऱ्याहून खापरीला जाताना मेट्रोत त्याने त्याच्या बाबांना फोन लावून दिला. ते म्हणाले, "औषध काहून मारतं पोरी? बुरशी टाक, बुरशी!"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण संत्रेवाल्यांना हे नवीन नाही. डिंक्या आणि मूळकूज या रोगांनी आपल्याकडच्या बागा छळल्यात, आणि त्यावर ट्रायकोडर्मा नावाची बुरशी शेणखतातून झाडाच्या बुंध्याशी देतात.

हिचा फंडा सॉलिड आहे. ही हिरवट बुरशी रोगट बुरशीच्या तंतूंभोवती वेटोळे घालते, विकरं सोडून तिची भिंत विरघळवते आणि चक्क तिलाच खाते. शिवाय मुळांच्या आसपास आधीच जागा अडवून बसते, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी. पण एक गोची आहे. ती स्वतः बुरशीच, त्यामुळे बुरशीनाशक तिलाही मारतं. मी दोन दिवसांपूर्वी कार्बेन्डाझिम प्यायलेल्या मातीत ट्रायकोडर्मा टाकला होता. म्हणजे पाहुण्याला बोलवायचं आणि दारात कुत्रा मोकळा सोडायचा!

दुसरी दोस्त म्हणजे मायकोरायझा. हे नाव 1885 मध्ये आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, अर्थ 'बुरशी-मूळ'. दोस्ती मात्र फार जुनी. स्कॉटलंडमध्ये सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही ती सापडलीय. झाड पानांत बनवलेली साखर देतं, बुरशी मुळं पोचत नाहीत तिथून स्फुरद आणून देते. आपल्या काळ्या मातीत स्फुरद असतो, पण चुन्याशी बांधला जाऊन अडकतो, म्हणून ही मैत्री कामाची. त्यात तुम्ही डीएपी भरभरून ओतलंत, तर झाडाला आयतं मिळतं आणि ते बुरशीला पोसत बसत नाही.

इथेच माझी दुसरी फजिती. आंटींची साई भाजी भन्नाट असते, म्हणून मायकोरायझाचं अख्खं पाकीट मी पालकाला घातलं. पालक आणि बीट या बुरशीशी जवळपास दोस्तीच करत नाहीत! मुळा, कोबी, फ्लॉवर, मोहरी हेही तसेच. पाकीट गेलं वाया. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी, कांदा, मेथी यांना मात्र जरूर द्या. आणि ते मातीवर भुरभुरू नका. रोप लावताना खड्ड्यात, मुळांना चिकटेल असं घाला.

ट्रायकोडर्माची भुकटी साधारण एक किलोला शंभर किलो कुजलेलं खत, या मापाने घेतात. गच्चीसाठी शंभर ग्रॅमला दहा किलो पुरे. खत ओलसर करा, सावलीत ओलं गोणपाट झाकून दहा-पंधरा दिवस ठेवा, मग कुंडीला मूठभर. पाकिटावरची तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. आत जीव आहे. मे महिन्यात दुकानाच्या दारात उन्हात तापलेलं पाकीट फुकट मिळालं तरी नको. माझं पहिलं पाकीट मुदत संपलेलं निघालं होतं, तेव्हा हे अनुभवाचे बोल.

यंदा मी बी टाकायच्या आधी खत तयार केलं, ट्रेला खालून जास्त भोकं पाडली, पाणी निम्म्यावर आणलं. एका ट्रेत मुद्दाम बुरशी घातली नाही. खरं सांगू? त्यातलीही बरीच रोपं वाचली. म्हणजे मागच्या वर्षी निम्मा खून माझ्या झारीने केला होता. पण बुरशीवाल्या ट्रेत फक्त दोन रोपं पडली, दुसऱ्यात नऊ. कुंडीत लावल्यावर जी जोमात आली, तीही पहिल्याच ट्रेतली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आंटी जिना चढून आल्या. पाच टोमॅटो आणि भिवापुरी मिरच्यांची ओंजळ पदरात घेतली. मग पालकाच्या कुंडीकडे बघून म्हणाल्या, "ये इतना सा क्यों है?"

पापड अजून खालीच वाळताहेत.