आकड्यांतून सूर
सीडीवर गाणं नसतं, आकडे असतात: सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटांची. त्या आकड्यांचा पुन्हा विद्युतदाब करून देणारं यंत्र म्हणजे ‘डॅक’. महागड्या डॅकच्या खोक्यावर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असं छापलेलं असतं. त्याला भुलू नका. २४ बिटांतून कागदावर १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. पण रोधकांमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत हलत असतात, आणि त्यांची बारीक खरखर कोणत्याही किमतीला जात नाही. म्हणून उत्तम यंत्रंही साधारण २१ बिटांपाशी थांबतात. सीडीच्या ९६ डेसिबलपुढे तेही भरपूरच.

मी आधी जोडणी पाहतो. हेडफोन थेट लावणार असाल, तर डॅकचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी हवा; म्हणजे ३२ ओमच्या हेडफोनला ४ ओमपेक्षा कमी. नाही तर काही हेडफोनांत खर्जाचा तोल ढळतो.

दुकानात दोन डॅक ऐकताना आवाजाची पातळी कानाने जुळवू नका. अर्ध्या डेसिबलने चढा असलेला डॅक मोठा वाटत नाही, चांगला वाटतो! १ किलोहर्ट्झचा सूर वाजवा, दोन्हींच्या आउटपुटला व्होल्टमीटर लावा, आकडा सारखा करा. मग गाणं लावा.